सुरी जिथं कधी गेली नाही

अक्काच्या दुकानात घासाघीस कुणी करत नसे. तशी पाटी कुठं लावलेली नव्हती. पाटीचं काम अक्काची मनगटं करत. एरवी भर बाजारात एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचणाऱ्या बायका तिच्या मटण तोडायच्या ओंडक्यासमोर आल्या की आवाज खाली आणत. एका पाकीटमाराला तिनं कॉलरनं उचलून सोललेल्या मेंढ्याशेजारच्या आकड्याला टांगलं होतं आणि पोलीस येईपर्यंत त्याच्याकडे न बघता बाकीचं काम उरकलं होतं. तो म्हणे पोलिसाच्या गळ्यात पडून रडला आणि पुढं इमानदारीनं कांदे विकायला लागला. रडल्याचं खरं, कांदे बाजारानं मागाहून जोडले असावेत.

दुकान, निमुळत्या पात्याची सुरी आणि चामडी पुठ्ठ्याचा भलामोठा पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, ग्रंथ, हे सगळं तिला बापाकडून आलं होतं. बापाला लोक आबा म्हणत, तोंडावर तरी आदरानं. सुरी पाजळायची लोखंडी सळई आबांच्या हातात कायम असे, आणि ती पात्यावर जितकी चाले त्याहून जास्त अक्काच्या आणि तिच्या धाकट्या भावाच्या पाठीवर चाले. धाकटा एकदा मेंढ्याच्या मानेवर वार करताना कचरला, तर आबांनी त्याचं तोंड त्याच रक्ताच्या घमेल्यात दाबून धरलं. पोरगं गुदमरलं तेव्हा सोडलं आणि म्हणाले, "मी नाही मारत. वर बसलाय तो मारतो. माझा नुसता हात." पोरांनी यावर कधी शंका घेतली नाही. देवाचा आवाज कसा असतो ते त्यांना घरबसल्या ठाऊक झालं होतं: जाडा, घोगरा आणि सळईच्या आधी येणारा.

या घराची एक रीत होती. सकाळी दुकान उघडलं की पहिला घाव घालण्याआधी आबा मिटलेला ग्रंथ ओंडक्यावर ठेवत, डोळे मिटत आणि सुरीचं टोक पानांच्या कडेतून आत खुपसत. पातं जाईल ते पान उघडायचं, पहिली नजर पडेल ते मोठ्यानं वाचायचं. ती देवाची त्या दिवसाची आज्ञा. बाकीच्या ख्रिस्ती घरांत लोक डोळे मिटून बोट ठेवत असतील. खाटकाच्या घरात सुरी, एवढाच फरक.

आबांचं एक पान लाडकं होतं. जुन्या करारातलं. एका राजाला देवानं शत्रूचा समूळ नायनाट करायला सांगितला होता, पण त्यानं शत्रूच्या राजाला जिवंत ठेवलं. तेवढ्यापायी देवानं त्याला नाकारलं, आणि शेवटी म्हाताऱ्या संदेष्ट्यानं त्या कैद्याला पुढं आणवून स्वतःच्या हातानं त्याचे तुकडे केले. आबा हे वाचून झाल्यावर गिऱ्हाइकाला थांबवून धंद्यातला मुद्दा काढत: "म्हाताऱ्यानं सांध्यांतून केलं असणार. हाडातून करायला वय आड येतं." मग धाकट्याकडे वळून, "दया केली, राज्य गेलं. शिरलं का टाळक्यात?"

चरबीची बोटं फिरून फिरून ते पान मेणकापडासारखं झालं, ग्रंथाची शिवण तिथं उसवली आणि सुरीला तीच वाट सोपी झाली. कधी चुकून दुसरीकडे गेली तर गेली. नाहीतर कैदी राजा रोज नव्यानं कापला जाई. आबा म्हणत, देव एकदा बोलला की शब्द बदलत नाही.

आबा मेले ते एका बैलाच्या लाथेनं. बाजारात लोक टोपी काढून उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, जनावरांनी बैठक घेतली असणार.

अक्काचा नवरा म्हणजे अख्ख्या बाजाराचे दाजी. अंगानं काडी, पण जीभ अशी की सुरीनं हात टेकावेत. दुकानात ते तराजू सांभाळायचे, आणि रविवारी देवळात ऑर्गन वाजवायचे. ऑर्गनवर त्यांची बोटं पडली की कर्जबाजारी माणूससुद्धा पाठ ताठ करून गायला लागे. अक्का पहिल्या बाकावर बसे आणि पहिल्या गीतानंतर झोपे. शनिवारी दिवसभर कापून थकलेली बाई, तिला कोण बोलणार? नव्या करारातलं जे काही तिच्या कानावर पडलं ते घोरण्याच्या मध्ये मध्ये.

आणि धाकटा. आबांची सळई गेली, हात मात्र धाकट्याला वारशात मिळाला. तो दारू प्यायचा नाही, जुगार खेळायचा नाही. त्याला नुसता राग यायचा. एका सकाळी त्याच्या हातून बोकड निसटला. बोकडामागे धावताना धाकटा शेजारच्या कोळणीच्या टोपलीत तोंडावर पडला आणि केसांत बोंबील घेऊन परत आला. दुकानात गर्दी. दाजींना राहवेना.

"मेव्हणे," ते खिम्याच्या यंत्रात उजव्या हातानं मांस सारत म्हणाले, "आज तुम्हाला कापायचं की तळायचं?"

गर्दी हसली. कोळीणसुद्धा हसली. धाकटा दाजींच्या मागं आला आणि त्यांचा कोपर धरून त्यानं तो सगळ्या अंगानिशी खाली दाबला.

यंत्राचा आवाज बदलला. आधी जड झाला, मग कुरकुरला. हसणं थांबायला जरा वेळ लागला, कारण दाजी ओरडलेच नाहीत. ते नुसते तोंड उघडं ठेवून उभे होते. अक्कानं यंत्र बंद केलं आणि चक्र हातानं उलटं फिरवलं. हात बाहेर आला तो अंगठ्यापाशी संपत होता; चारही बोटं गेली होती. खालच्या परातीत काय पडलं ते तिनं पाहिलं. धंद्यात तिनं सगळं पाहिलं होतं, पण त्या लाल चुऱ्यात नवऱ्याची अंगठी पाहिली नव्हती.

धाकट्याला शिक्षा झाली. देवळातल्या ऑर्गनवर चादर पडली. लोक आता आपापल्या मनानं गात; निम्मे पुढं, निम्मे मागं, आणि पाळक मध्येच.

अक्का मात्र गाईनाशी झाली आणि झोपेनाशीही. रोज सकाळी ती ग्रंथ ओंडक्यावर ठेवी, मनात धाकट्याचं नाव घेई आणि सुरी खुपसे. रोज तेच पान. कैदी राजा, म्हातारा संदेष्टा, तुकडे. मग ती मेंढा उलटा टांगे आणि त्याचे सांधे अशा नेमकेपणानं सोडवी की बघणाऱ्याच्या गुडघ्यांत कळ यावी. एकदा गिऱ्हाइकासमोर ती मेंढ्याला म्हणाली, "मान इकडं कर, धाकट्या." गिऱ्हाइकानं त्या दिवशी मटण घेतलं नाही.

"आज्ञा झालीय," तिनं दाजींना सांगितलं.

दाजी डाव्या हातानं कपाची कड शोधत होते. "रोज तीच?"

"रोज तीच."

"देवाला दुसरं काही सुचत नाही वाटतं."

"थट्टा नको. तो सुटून आला की मी करणार. नाही केलं तर माझं काय होईल ते त्यात लिहिलंय. दया केली, राज्य गेलं."

"तुझं राज्य म्हणजे एक ओंडका आणि मी," दाजी म्हणाले. "ओंडक्याचं ठीक आहे." पण मग ते हसले नाहीत. त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं होतं, आणि या बाईनं आयुष्यात एकही काम अर्धं सोडलेलं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

त्यांनी पाळकांना बोलावलं. पाळक सज्जन माणूस. रक्त दिसलं की त्यांची मान आपोआप छताकडे वळे. त्यामुळं पुढचं सगळं बोलणं ते आकड्यांशी बोलत होते असं वाटलं.

"बाई, ते शास्त्रात लिहिलेलं आहे हे खरं. पण ते तुम्हाला सांगितलेलं नाही."

"मग रोज माझ्याच सुरीला का लागतं?"

"देवाचं म्हणणं काय ते ऐकायचं तर त्याचा पुत्र काय म्हणाला ते आधी बघावं लागतं. बाकी सगळं त्याच्यावरून. नव्या करारातलं शुभवर्तमान उघडून बघितलंत कधी?"

"तिकडं सुरी कधी गेली नाही," अक्का म्हणाली. "देवाला तिकडचं बोलायचं असतं तर गेली असती. पाय उचला, तिथं आतडी आहेत."

पाळकांनी पाय उचलला तो थेट रस्त्यावर ठेवला.

धाकटा सुटला तो सरळ दुकानात आला. गर्दीची वेळ होती. तुरुंगानं त्याचं अंग उतरलं होतं, केस पांढरे झाले होते. दारात उभा राहून तो म्हणाला, "अक्का." तो माफी मागायला आला होता, हे त्यानं नंतर शपथेवर सांगितलं आणि ते खरंही असावं. पण ती घशातून निघेना, तेव्हा त्यानं विचार केला, आधी कामाला लागू, हात चालू लागले की तोंड चालेल. म्हणून त्यानं खिळ्यावरचा आपला जुना एप्रन काढला आणि गळ्यात घातला.

अक्काला एप्रनच दिसला.

हाताशी मेंढ्याची अख्खी तंगडी होती. ती तिनं दोन्ही हातांनी फिरवून त्याच्या तोंडावर हाणली. हाड हाडावर बसल्याचा आवाज पार कोळणीपर्यंत गेला. धाकटा आकड्यांच्या रांगेवर आदळला, एक आकडा खांद्यात रुतला आणि तो हिसडा देऊन सुटला तेव्हा शर्टाबरोबर कातडंही सुटलं. मार बसला की मारायचं, हे त्याच्या हातांना आबांनी शिकवलेलं. हात विसरले नव्हते. त्याची मूठ अक्काच्या ओठांवर बसली आणि तिचा पुढचा दात ओंडक्यावर पडला. तिनं त्याकडे बघितलंही नाही. त्याची मान धरून तिनं त्याचं डोकं ओंडक्यावर आपटलं, पुन्हा आपटलं, कोपर मानेवर रोवला आणि सुरी घेतली.

गिऱ्हाइकं पळाली. कोळीण पळाली नाही. ती उलटी टोपली ठेवून तिच्यावर उभी राहिली, म्हणून पुढचं सगळं बाजाराला ठाऊक आहे.

सुरी खाली आली तेव्हा धाकट्यानं मानेला हिसडा दिला. मान चुकली, कान गेला. तो मुळापासून सुटून मेंढ्याच्या कलेज्यांत जाऊन पडला. धाकटा जनावरासारखा ओरडला. रक्त ओंडक्याच्या जुन्या खाचांतून, कुठं जायचं हे माहीत असल्यासारखं, वाहायला लागलं. अक्कानं पकड बदलली आणि पातं त्याच्या गळ्याला लावलं.

"सरका," ती म्हणाली, कारण दाजी जवळ आले होते. "आज्ञा आहे."

दाजींनी कलेज्यांतून डाव्या हातानं कान उचलला.

"अशीच चूक आधी झालीय," ते म्हणाले.

"कुणाची?"

"त्याच्याच माणसाची. प्रभूला धरायला लोक आले होते, दांडकी, तलवारी घेऊन. तेव्हा त्याच्या एका शिष्यानं तलवार उपसली आणि एका चाकराचा कान उडवला. तोही तुझ्यासारखाच. त्याला वाटलं, आपण देवाची बाजू घेतोय."

"रचताय. याला वाचवायला रचताय."

"मी याला वाचवायला?" दाजींनी आपला उजवा हात वर केला, अंगठ्यापाशी संपलेला. "मी?"

अक्कानं पातं तसंच ठेवलं. "मग प्रभू काय म्हणाला?"

"आत आहे."

"तसं असतं तर सुरी कधी तरी तिकडं गेली असती."

दाजींनी कान आपल्या खिशात ठेवला, फळीवरचा ग्रंथ काखेत धरून आणला आणि धाकट्याच्या डोक्याशेजारी ओंडक्यावर टाकला. मागची बाजू उघडून त्यांनी पानांच्या कडा तिच्यासमोर धरल्या. छापखान्यात मोठा कागद छापतात, दुमडतात, मग कडा कापून पानं मोकळी करतात. या ग्रंथाच्या नव्या कराराच्या कडा कापायच्याच राहून गेल्या होत्या. घडीवर घडी, पिशवीसारखी बंद. मिटलेल्या घडीत सुरीचं टोक शिरणार कसं? ते घसरून दर वेळी त्या उसवलेल्या वाटेनं जुन्या पानावर जात होतं. आबांच्या हयातीत हे कुणी पाहिलं नव्हतं. आबांना ग्रंथ वाचायची हौस नव्हती. त्यांना आज्ञा हवी होती.

"या घडीच्या आत आहे," दाजी म्हणाले. "मला तोंडपाठ आहे, पण माझं तू ऐकणार नाहीस. स्वतः वाच. कापल्याशिवाय वाचता यायचं नाही, आणि सुरी तुझ्याकडे आहे."

धाकट्याच्या गळ्याची शीर पात्याखाली उडत होती. त्याच्या कानाच्या जागेवरून रक्त ग्रंथाकडे सरकत होतं. अक्काच्या तोंडातून लाळ आणि रक्त त्याच्या गालावर ठिबकत होतं. डोक्यात आबा बोलत होते, जाडे, घोगरे: दया केली, राज्य गेलं. सुरी उचलली आणि आत काहीच नसलं, तर ती त्या राजासारखीच ठरणार होती. आणि असलं तर?

तिनं सुरी उचलली.

मानेवरचा कोपर तसाच ठेवून तिनं पात्याचं टोक घडीत घातलं. काळजावरचं पातळ पापुद्र्याचं वेष्टण काढताना जसा हात हलका करावा लागतो तसा केला आणि कड सरळ उलगडत नेली. कागद जुना असून आतून पांढरास्वच्छ होता. रक्ताचं एक बोट त्याच्यावर उमटलंच. दाजींनी जागा दाखवली. अक्का वाचू लागली.

आयुष्यभर या ग्रंथातला शब्दन् शब्द तिनं आबांच्या आवाजात ऐकला होता. स्वतः वाचतानाही आत तेच बोलत. आताही तिनं तसंच सुरू केलं. लोक आले, शिष्यानं विचारलं चालवू का, उत्तराची वाट न बघता चालवली, कान गेला. इथवर आबांचा आवाज छान बसला. पुढं येशू बोलला, अगदी थोडं: पुरे, इथंच थांबा. अक्कानं ते आबांच्या आवाजात म्हणून पाहिलं. बसेना. पुन्हा पाहिलं. आबांच्या घशात तो शब्द मावतच नव्हता. आबा कधी म्हणाले नव्हते पुरे. ना मेंढ्याला, ना पोरांना. मग तिनं ते वाक्य कुणाच्याच आवाजाशिवाय वाचलं, आणि बोलणारा तिच्या समोर उभा राहिला. मारेकऱ्यांनी वेढलेला, आणि तिच्याकडे बघून म्हणणारा, पुरे.

"मग कान?" तिनं विचारलं. तिचा आवाज पोरीसारखा आला.

"पुढं वाच."

"हात लावून बरा केला," ती वाचत म्हणाली. "त्याला धरायला आलेल्याचा."

"त्यानंतर त्याला धरून नेलं," दाजी म्हणाले. "मोकळ्या हातांनी त्यानं केलेलं शेवटचं काम ते."

अक्कानं जुन्या पानाच्या दिशेनं बोट केलं. "आणि ते? ते पण त्यातच आहे ना?"

"आहे. त्याचं काय करायचं ते मला सांगता येत नाही, मी बाजावाला. पण तुकडे करायची वेळ आली तेव्हा यानं स्वतःचे करून घेतले, एवढं मला कळतं."

अक्कानं कोपर उचलला. धाकटा घसरून भुश्यात बसला आणि बसल्या बसल्या, दात वाजत असताना, त्याची माफी निघाली. ती कुणाला नीट ऐकू आली नाही. "बर्फ आणा," अक्का म्हणाली. "माशाचा चालेल." कोळीण टोपलीवरून उतरली.

डॉक्टरांनी कान शिवला, पण तो धरला नाही. काळा पडला आणि काढावा लागला. धाकटा तेव्हापासून टोपी तिरकी घालतो. पोलिसांना तो सांगणार होता की सुरी घसरली. अक्का खाटेशेजारून म्हणाली, "गप बस. माझी सुरी आजवर घसरलेली नाही," आणि तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं, आज्ञेसकट.

तिला न्यायला पोलीस दुकानावर आला तेव्हा ती एप्रन सोडत होती. ग्रंथ बरोबर नेता येईल का, तिनं विचारलं. नेता येईल, तो म्हणाला. आणि सुरी? पोलिसानं तिच्या मनगटांकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

"मग जरा थांबा. तिथं मला पानं कोण उघडून देणार?"

तिनं ग्रंथ ओंडक्यावर ठेवला. पण एवढ्या सगळ्या बंद घड्या कापायला कुणाला तरी कागद दोन्ही हातांनी ताणून धरावा लागतो, आणि दाजींकडे एकच हात. दोघांनी एकदम कोपऱ्यात पाहिलं. तिथं डोक्याला पट्टी बांधलेला धाकटा भिंतीला चिकटून उभा होता. तो आला, पण अक्काच्या सुरीपासून हातभर लांब थांबला.

"जवळ ये. पान तिकडून नाही धरता येत."

त्यानं कड धरली. पातं त्याच्या बोटांशेजारून सुं करून गेलं आणि एक घडी उघडली. मग दुसरी.

"नीट धर," अक्का म्हणाली. "हललास तर बोट जाईल."

"जाऊ दे," दाजी तराजूमागून म्हणाले. "मग त्याची चार आणि माझी सहा मिळून ऑर्गन होईल."

धाकटा रडायला लागला, पण कागद त्यानं हलू दिला नाही. पोलीस टोपी काढून ओंडक्याजवळ सरकला. आणि अक्का कापत राहिली, सुटलेल्या प्रत्येक पानावर क्षणभर थांबून, ओठ हलवून, प्रभू इथं काय म्हणतोय ते बघत.